पट कुणी मोजायचा?

(सोलापुरात झालेल्या तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच दिलं आहे. घसरलेली वाक्यं तेवढी सरळ केली आहेत.)



संयोजकांनी मला कविता वाचायला बोलावलं होतं. कविता मी आज वाचणार नाही. कवितेला टाळ्या पडतात, मग चहा येतो, मग माणसं घरी जातात. आज मला एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द सरकारी आहे, आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेलेला आहे, आणि इतका साधा वाटतो की त्याच्या पोटात सुरी आहे हे चटकन ध्यानात येत नाही. शब्द आहे, पट. हजेरीपटातला पट. शाळेची पटसंख्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयातून एक पत्र निघालं. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करा, तसे प्रस्ताव पाठवा. नमुना म्हणून नंदुरबारातलं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत पुढं केलं. तेव्हा सांगितलेले आकडे असे: अशा शाळा १४,७८३, त्यात शिकणारी मुलं १,८५,४६७, शिकवणारे शिक्षक २९,७०७. त्याच्याही आधी, २०१७ मध्ये, दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांची यादी निघालीच होती. बोंब झाली तेव्हा मंत्री म्हणाले, शाळा बंद करणार नाही. बरोबर आहे, बंद कुठं करतात ते? ते 'समायोजन' करतात. तुमच्या आजोबांना विचारा, या सोलापुरातली गिरणीसुद्धा एका दिवसात बंद पडत नव्हती. आधी एक पाळी जायची, मग एक खातं जायचं, मग भोंगा.

आता हे बघा. एका शाळेमागं सरासरी बारा-तेरा पोरं. कागदावर हा आकडा बघितला की साहेबाला वाटतं, बारा पोरांसाठी दोन मास्तर, एक इमारत, खिचडी शिजवणारी बाई, वीजबिल. परवडत नाही. मी साहेबाला एवढंच विचारतो की ही बारा पोरं कोण आहेत? त्यांची आडनावं वाच. पट वाच, पटसंख्या नको.

मी सांगतो कोण आहेत. गावातला पट कसा उतरतो ते मी डोळ्यांनी बघितलंय. सकाळी साडेसातला तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन येते. पहिल्या वर्षी त्या व्हॅनमध्ये पाटलाची दोन पोरं बसतात. दुसऱ्या वर्षी खत-बियाणांच्या दुकानदाराची. तिसऱ्या वर्षी ज्याला ठिबक झालं, ऊस लागला, त्याची. चौथ्या वर्षी खुद्द झेडपीच्या मास्तराची. व्हॅन भीमनगरच्या कमानीपाशी थांबत नाही, कारण तिथं फी भरणारा कुणी नाही. तांड्याकडं तर रस्ताच नाही. मग झेडपीच्या शाळेत उरतं कोण? महार, मांग, पारधी, बंजारा, मुलाण्याचं एखादं पोरगं, आणि ज्याची जमीन सावकारानं खाल्ली असा एखादा मराठ्याचा बाप. आणि पोरी. एकाच घरातला भाऊ व्हॅनमध्ये आणि बहीण झेडपीत, असंही मी बघितलंय. तर हा पट 'कमी झाला' असं म्हणू नका. ज्यांना निघून जाता आलं ते निघून गेले, आणि ज्यांना जाता येत नाही त्यांची शाळा आता उचलून न्यायची आहे.

संख्येचं हे हत्यार आपल्यावर पहिल्यांदा चाललेलं नाही. जून १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत बसू द्या म्हणून अर्ज केला. नाकारला. सरकारनं उत्तर काय दिलं? अर्जदार एकटा आहे, त्या एकासाठी बाकी साऱ्यांना ही शाळा निरुपयोगी होईल असं काही करता येत नाही. बाबासाहेबांनी हे प्रकरण पुढं लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला माहीत. म्हणजे तेव्हाही हिशेब संख्येचा. तेव्हा आम्ही एक होतो म्हणून आत घेतलं नाही, आज आम्ही बारा आहोत म्हणून शाळाच बंद. किती झालो म्हणजे पुरे, ते एकदा सांगून टाका.

आता तुम्ही म्हणाल, मेळाव्याच्या पत्रिकेवर विषय छापलाय 'भूकंपानंतर', आणि हा गडी पटावर बोलतोय. येतो भूकंपाकडं.

मी लोहारा तालुक्यातला. आत्ताचा जिल्हा धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं रात्री उशिरा येऊन झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं मिनिटभरात मातीचा ढीग झाली. सरकारी आकडा जवळजवळ ८ हजार मेल्याचा. जखमींच्या गाड्या इथं सोलापूरच्या सिव्हिलला आल्या. ते दिवस आठवणारी म्हातारी माणसं तुमच्या गल्लीत अजून असतील. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. मी जे सांगतो ते आजीनं सांगितलेलं, आणि पुढं जे वाचलं ते.

माणसं मारली दगडानं. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, गोट्यावर गोटा ठेवून मधे पांढरीची माती भरलेली, वर माळवद, माळवदावर दरसाल चढवलेला मातीचा थर. असं घर हललं की ते घर राहत नाही, ती थडगी होतात. वाडा जेवढा मोठा, तेवढं ओझं जास्त. आजी म्हणायची, "आपलं पाचटाचं छप्पर व्हतं म्हून वाचलो. गरिबीनं येकदाच काय ती राखण केली." ती हसायची हे सांगताना. मला हसू यायचं नाही.

मग सरकार आलं. शरद पवार मुख्यमंत्री होते, जागतिक बँकेचं कर्ज आलं, मोठं पुनर्वसन झालं. ५२ गावं जुन्या जागेवरून उठवून नव्यानं वसवली. काम मोठं झालं, त्याला मी नाही म्हणत नाही. पण घराचं माप कशावर ठरलं? किती माणसं त्यात राहणार यावर नाही, जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि हेक्टरभराच्या आतला, त्याला २५० चौरस फूट. मधल्याला ४००. सात हेक्टरांच्या वर जमीन, त्याला ७५०. आपल्या माणसाकडं जमीन असते का हो? भूकंपानं एका पहाटेत पाटलाचा वाडा आणि महाराचं छप्पर सारखंच जमिनीवर आणलं होतं. सरकारनं ते पुन्हा फुटपट्टी घेऊन वेगळं केलं, आणि या खेपेला सिमेंटमध्ये. आमच्या नव्या गावात अडीचशे फुटांची ओळ पार टोकाला आहे. जुन्या गावात गावकूस होतं, नव्या गावात त्याला सेक्टर म्हणतात.

मधल्या काळातली एक गोष्ट मात्र आजी फार वेळा सांगायची, आणि आज मी इथं उभा आहे तो त्या गोष्टीसाठी.

घरं व्हायला वर्षं लागली. तोवर माणसं पत्र्याच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात भाजून निघायची, पावसात पत्र्याच्या आवाजानं बोललेलं ऐकू यायचं नाही. त्या शेडात आमच्या गावची शाळा सुरू झाली ती कुणाच्या आदेशानं नाही. बायकांनी सुरू केली. पोरं दिवसभर ढिगाऱ्यावर जायची, भांडी शोधायची, आणि भांड्याच्या जागी कुणाचा तरी हात सापडायचा. बायका म्हणाल्या, या लेकरांना तिकडं जाऊ द्यायचं नाही, कुठं तरी बसवा. एक मास्तर वाचले होते, त्यांचं स्वतःचं घर गेलेलं. त्यांना आणून बसवलं. फळा नव्हता, मोडलेल्या दाराची फळी काळी केली. त्या शेडात पोरं कशीही बसली. कुणाचं कोण आलं तसं. आजी म्हणायची, "गल्लीच न्हाई ऱ्हायली तर येगळं बसवाय जागा कुठून आणतील?" दोन वर्षं तशी शाळा चालली. जी गोष्ट शंभर वर्षांत कुणा सुधारकाला आमच्या गावात जमली नव्हती ती एका पत्र्याच्या शेडात झाली, आणि नकाशा तयार झाला तशी संपली.

त्या काळात पोरांच्या शाळेसाठी दोन वाटांनी काम झालं. एक वाट म्हणजे पोरांना शाळेकडं न्यायचं. शांतिलाल मुथ्था आणि त्यांच्या भारतीय जैन संघटनेनं १,२०० पोरं पुण्याला नेली, शिकवली. इथून जवळ, हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या लोकांनी 'आपलं घर' उभं केलं. पन्नालाल सुराणा त्यात होते. अनाथ पोरं तिथं वाढली, मोठी झाली. या कामांना मी मान देतो. ज्याला घरच उरलं नाही त्याला घरासकट शाळा द्यावी लागते. दुसरी वाट म्हणजे शाळा पोरांकडं आणायची. ती शेडातली. ती वर्तमानपत्रात आली नाही कारण तिच्यात कुणी पुढारी नव्हता. आणि पुढं घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगाव बायांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं, 'स्वयम् शिक्षण प्रयोग'वाल्यांनी त्यांना एकत्र आणलं, तेव्हा त्या बायकांना बैठकीत बोलायचं कसं, साहेबाला कागद मागायचा कसा, हे कळायला लागलं. ही शिदोरी पुढं उपयोगाला आली. सांगतो.

मी शिकलो ती नव्या गावातली शाळा. भूकंपानंतर बांधलेली, लोखंड घातलेली, पक्की. सहाव्या इयत्तेपर्यंत मी तिथं होतो, मग दोन कोस चालत हायस्कूल, मग मॅट्रिक, मग मुंबई. त्या शाळेच्या भिंती अजून हलत नाहीत. भूकंपाला पुरून उरेल अशी इमारत बांधली आणि तिला पाडायला एक कागद पुरला.

कागद असा आला. पट १७. तीन-साडेतीन किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत 'समायोजन' प्रस्तावित. मधे एक नाला, जो पावसाळ्यात दोन-दोन दिवस उतरत नाही, आणि एक हमरस्ता, ज्यावरून ऊसाच्या ट्रॉल्या जातात. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. पहिली ते पाचवीच्या पोराला किलोमीटरच्या आत शाळा, असा आपल्या राज्याचाच नियम. पण कागदात लिहिलं होतं, 'वाहतुकीची व्यवस्था करण्यात येईल.' करण्यात येईल! मराठी भाषेतलं सगळ्यात हरामखोर क्रियापद कुठलं असेल तर हे. करणारा कोण, ते त्यात कुठंच नसतं.

आता प्रामाणिकपणे सांगतो, गावात सगळे विरोधात नव्हते. आपल्या वस्तीतही नव्हते. माझाच एक चुलता म्हणाला, "अरे, एक मास्तर चार वर्ग घेतो, त्यातले दहा दिवस तो निवडणुकीच्या नाहीतर कुठल्या तरी माहितीच्या कामाला. तिकडं सात मास्तर आहेत, संगणक आहे, मैदान आहे. जाऊ दे की पोरं." हा प्रश्न खोटा नाही. पाच पोरांचा वर्ग मोडक्या मास्तराच्या भरवशावर ठेवून आपण जर 'शाळा वाचवली' म्हणून मिरवणार असू तर ती फसवणूक आहे. पण चुलत्याला मी विचारलं, सात मास्तर तिकडं कसे गेले? आपल्या शाळेतली दुसरी जागा रिकामी झाली ती भरली का नाही? मास्तर काढून घ्यायचा, मग शाळा वाईट म्हणायचं, मग पोरं जातात म्हणायचं, मग पट कमी म्हणायचं. हे गणित उलट्या बाजूनं सोडवलेलं आहे. आणि छोट्या गावातली शाळा चांगली होऊच शकत नाही म्हणणाऱ्यांनी याच सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडीला जाऊन यावं. रणजितसिंह डिसले तिथं झेडपीच्या शाळेत २००९ मध्ये लागले तेव्हा शाळा गुरांच्या गोठ्याला चिकटून होती. २०२० मध्ये त्याच मास्तराला जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. सत्कार करायला सगळे धावले. समूह शाळेचं पत्र काढताना परितेवाडी कुणाला आठवली नाही.

गावानं काय केलं ते ऐका. आधी बायकांनी पट मोजला.

हे मला फार आवडलं, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. गोदीत बोटीवरून माल उतरतो तेव्हा मोजणी दोन्ही बाजूंनी होते. बोटीच्या बाजूचा टॅलीवाला मोजतो, धक्क्याच्या बाजूचा मोजतो. दोन्ही जुळले तर माल पुढं. जुळले नाहीत तर भांडण. फक्त बोटवाल्याच्या आकड्यावर सही करणारा माणूस धक्क्यावर एक दिवस टिकणार नाही. आणि आपण? शाळेच्या बाबतीत, रेशनच्या बाबतीत, जनगणनेच्या बाबतीत, आपण कायम बोटवाल्याच्या आकड्यावर अंगठा देत आलो.

बायका घरोघर गेल्या. त्यात दोघी पूर्वीच्या संवाद सहायक, आता म्हाताऱ्या. वीटभट्टीवर सात लेकरं सापडली, कुठल्याच शाळेच्या पटावर नाहीत. ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेली चार, दिवाळीनंतर नाव कमी केलेलं. सहा पोरी, घरी धाकट्या भावंडांना धरून बसलेल्या. सतरा अधिक सतरा. म्हणजे गावात पट कमी नव्हताच, पटावर माणसं कमी चढवलेली होती. ती यादी नावानिशी, वयानिशी, बापाच्या धंद्यानिशी वहीत लिहिली. वही शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढं ठेवली. आता ही समिती काय चीज आहे ते इथल्या कितीजणांना माहीत आहे? कायद्याचं कलम २१. त्यात चारात तीन भाग पालक असले पाहिजेत, निम्म्या बायका असल्या पाहिजेत, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असली पाहिजे. आमच्या गावी ती समिती फक्त कागदावर होती, ज्यांची पोरं व्हॅननं जातात तेच तिच्यात बसलेले! त्यांना उठवलं. शिवीगाळ झाली, मारामारी होता होता राहिली. नवी समिती बसली. तिनं ठराव केला, ग्रामसभेनं केला. आणि मग त्यांनी एक कागद मागितला: ही शाळा बंद केल्यानं नेमके किती रुपये वाचतात, आणि गाडी लावली तर किती लागतात, दोन्ही आकडे लिहून द्या.

तो कागद अजून आलेला नाही. शाळा अजून चालू आहे. जिंकलो असं मी म्हणत नाही. वीटभट्टीवरची पोरं पावसाळ्यात भट्टी बंद पडली की जातात, तेव्हा पट पुन्हा उतरतो, आणि साहेब नेमका तेव्हाच मोजायला येतो.

हिशेबाचा कागद का मागायचा, याचं एक उदाहरण लांबचं आहे. न्यूझीलंड देशात क्राइस्टचर्च म्हणून शहर आहे. २२ फेब्रुवारी २०११ ला तिथं भूकंपात १८५ माणसं मेली. त्यानंतर दीड वर्षानं, सप्टेंबर २०१२ मध्ये, शिक्षणमंत्री हेकिया पराटा यांनी शहरातल्या शाळांची बंद करायची आणि एकत्र करायची यादी जाहीर केली. मुख्याध्यापकांना बैठकीला बोलावून छातीला वेगवेगळ्या रंगांचे बिल्ले दिले, आणि त्या बिल्ल्याच्या रंगावरून त्यांना कळलं की आपल्या शाळेचं काय होणार. श्रीमंत देश, पण तऱ्हा बघा. माणसं रस्त्यावर आली. फेब्रुवारी २०१३ मध्ये शिक्षकांनी संप केला. फिलिपस्टाउन नावाची एक वस्ती, गरिबांची, माओरी आणि बेटांवरून आलेल्या लोकांची. त्यांची शाळा शेजारच्या वूलस्टनच्या शाळेत घालायची ठरली. ती शाळा कोर्टात गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये हायकोर्टानं सांगितलं, निर्णय बेकायदेशीर आहे, कारण खर्चाचा हिशेब तुम्ही लोकांपुढं नीट मांडलाच नाही, मग लोकांनी मत कशावर द्यायचं? कोर्टात जिंकले. पण सरकारनं पुन्हा सल्लामसलतीचा सोपस्कार केला, निर्णय तोच घेतला, आणि २०१५ ला दोन्ही शाळा एक झाल्या. फिलिपस्टाउनच्या लोकांनी मग ती रिकामी शाळा सोडली नाही, तिथं वस्तीचं केंद्र केलं.

हे मी हिंमत खचावी म्हणून सांगत नाही. कोर्ट आपल्याला वेळ देतं, शाळा देत नाही, एवढं लक्षात ठेवा. ज्यांचा वकिलावर फार भरवसा आहे त्यांच्यासाठी सांगितलं.

आणि जवळचं उदाहरण हवं तर नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातली दरेवाडी. भाम धरणानं उठवलेली माणसं, आदिवासी. २०२२ मध्ये त्यांच्या पोरांची शाळा बंद करून दुसऱ्या शाळेला जोडली. तिथं पोरं आणि आईबाप बकऱ्या घेऊन निघाले, थेट नाशिकच्या जिल्हा परिषदेवर. घोषणा काय? दप्तर घ्या, बकऱ्या द्या. म्हणजे शिकवायचं नसेल तर आमच्या पोरांना राखायला बकऱ्या तरी द्या, तुमच्या मनात त्यांच्यासाठी तेच काम आहे ना! मी कवी म्हणवतो, दोस्तांनो. या चार शब्दांइतकी धारदार ओळ मला अजून लिहिता आलेली नाही.

आता सोलापूर. तुमच्या शहराशी मी जरा वाईट बोलणार आहे, ऐकून घ्या.

४ जानेवारी १९२५ ला बहिष्कृत हितकारिणी सभेनं आपलं पहिलं वसतिगृह उघडलं ते मुंबईत नाही, पुण्यात नाही, या सोलापुरात. जीवप्पा सुभा ऐदाळे त्याची व्यवस्था बघायचे. सोलापूर म्युनिसिपालिटी महिन्याला ४० रुपये मदत द्यायची. त्या वसतिगृहातली पोरं 'सरस्वती विलास' नावाचं मासिक काढत होती. म्हणजे आज आपण हे जे लहान मासिक काढतो ना, त्याचा आजा इथला आहे. त्या पोरांना गावात शाळा नव्हती म्हणून शहरात आणावं लागलं. बाबासाहेबांनी वसतिगृहं काढली ती गावची शाळा बंद करून नव्हे. दोन्ही पाहिजेत म्हणून.

२०२५ मध्ये त्याला १०० वर्षं झाली. किती मंडळांनी ते साल लक्षात ठेवलं? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तुमच्याकडं जो आवाज असतो तो मी ऐकलाय, छातीत धडधडतं. एका डीजेच्या भाड्यात एका शाळेच्या पोरांना वर्षभर रिक्षा लागते. मिरवणूक काढू नका असं मी म्हणणार नाही. सबंध वर्ष मान खाली घालून जगणाऱ्याला एक दिवस मान वर करून नाचू द्या. पण मंडळाच्या वर्गणीच्या वहीला एक पान शाळेसाठी जोडा. आणि आपले पुढारी! ज्यांची पोरं कॉन्व्हेंटला, ते झेडपीच्या शाळेवर मोर्चा काढायला का येतील? येणार नाहीत. त्यांची वाट बघू नका.

तुमच्या महापालिकेच्या शाळा मराठीत आहेत, उर्दूत आहेत, कन्नडमध्ये, तेलुगूमध्ये आहेत. कुठल्या शहरात आहे हे वैभव? विणकराचं पोरगं तेलुगूत, बिडी वळणारणीची पोरगी मराठीत नाहीतर उर्दूत. उद्या पट मोजून शाळा एकत्र करायला निघाले तर आधी कुठली भाषा मरेल, सांगा. म्हणून ही लढाई एकट्या भीमनगराची समजू नका. मोमीन, पद्मशाली, कैकाडी, लमाण, सगळ्यांना धरा. पत्र्याच्या शेडात धरलं होतं तसं. त्यासाठी पुन्हा भूकंपाची वाट बघायची गरज नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढं सरकारला हेच विचारलं होतं की शेतकऱ्याच्या घामाचा पैसा घेता आणि त्यातून शिकवता कुणाला? त्यांनी हिशेब मागितला होता. आपणही हिशेबच मागायचा.

कामाचं सांगून थांबतो, रात्रीची गाडी आहे, उद्या पहिली पाळी. इथं बसलेल्यांपैकी प्रत्येक वस्तीतून तीन माणसं पाहिजेत, त्यात एक तरी बाई. येत्या रविवारी आपापल्या वस्तीतली सहा ते चौदा वर्षांची सगळी पोरं नावानिशी लिहून काढा. जे पोरगं शाळेत जात नाही त्याच्यापुढं कारण लिहा, आणि 'आवड नाही' हे कारण लिहायचं नाही, खरं कारण काढायचं. जवळच्या शाळेत किती मास्तर मंजूर, किती हजर, हे मास्तरांनाच विचारा. बहुतेक सांगतात, त्यांनाही गळा असतो. व्यवस्थापन समितीत कोण आहे त्याची यादी मागा. ज्यांची गावं सोलापूरच्या बाहेर आहेत त्यांनी पुढच्या सुट्टीत गावी हेच करायचं. वह्या सगळ्या एकाच मापाच्या घ्या, दोनशे पानी. मेळाव्याच्या टेबलावर ज्या ठेवल्यात त्या आम्ही गोदीतल्या पोरांनी वर्गणी काढून आणल्यात. चाळीस आहेत. जाताना घेऊन जा, आणि घेतलेल्यानं आपलं नाव आणि वस्ती तिथल्या कागदावर लिहायची.

जयभीम.